बाराव्या कोटाच्या बाह्या

४ जानेवारी

मामा,

पत्रावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी तोंड वाकडं कराल आणि मग मामीला हाक माराल, "ये गं, भिंगरीला आपला पत्ता आठवला." पत्ता आठवत होता. लिहायची लाज वाटत होती. दीड वर्षापूर्वी मशीनवर अर्धी पॅन्ट टाकून, सुई कापडात तशीच रुतलेली सोडून मी निघालो. सांगून निघालो असतो तर तुम्ही जाऊ दिलं नसतं, आणि तुम्ही एकदा "बस" म्हणालात की माझे पाय बसतात, म्हणून न सांगता निघालो. हे काही बरं केलं नाही.

मधे दोन कामं धरली आणि दोन्ही सोडली. आता वर्षभर एका कापडाच्या दुकानात आहे. हे टिकलंय. दुकान मोठं आहे, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारावी लागते. भिंतीला छतापर्यंत तागे. इथे गिऱ्हाईक दारात आलं की "काय पाहिजे" असं विचारायचं नाही, "बसा" म्हणायचं. मग पाणी. वीस तागे उलगडायला लावून "घरी विचारून येते" म्हणणारी बाई असली तरी कपाळावर आठी आणायची नाही. उलट म्हणायचं, "ताई, घरच्यांनाच घेऊन या, आणखी वीस दाखवतो." ती दुसऱ्या दिवशी येतेच. मला हे जमतं. बडबड करायचे पैसे मिळतील असं तुम्हाला तरी कधी वाटलं होतं का?

इथे वर्ष-दोन वर्षं झाल्याशिवाय कुणाच्या हातात लोखंडी मीटर आणि कात्री देत नाहीत. मला चौथ्या महिन्यात दिली. मालक म्हणतात, तुझ्या हाताला बरकत आहे. मी म्हटलं, हात मामाचा आहे.

मामीला नमस्कार. ती रागावलेली असेल तर तिला पत्र दाखवू नका, पुढचं दाखवा.

तुमचा भाचा

---

१९ जानेवारी

भिंगरी,

पत्र मिळालं. मामीला दाखवलं. ती रागावलेली होती, वाचून आणखी रागावली आणि मग संध्याकाळपर्यंत तेच पत्र शेजारणीला वाचून दाखवत होती.

तुझी ती अर्धी पॅन्ट मी पुरी केली. ज्याची होती तो अजून दारावरून जाताना विचारतो, "तुमचा तो पोरगा सापडला का, की विहिरीत बघू?" आता सांगेन, सापडला, कापड मोजतोय. पाचवी नापास माणसाच्या हातात मीटर देणारा मालक धाडसी म्हणायचा. पण हात मामाचा आहे असं लिहिलंस, ते एक वाक्य बरं लिहिलंस.

आता कामाचं. आपल्या इथल्या बँडला नवे कोट शिवायचेत. नव्या पुलाचं उद्घाटन मार्चअखेरीला आहे, तिथे त्यांना वाजवायचंय. बारा माणसं, बारा कोट, रंग गडद डाळिंबी. बँडमास्तर स्वतः येऊन म्हणाला, "तुमच्याच हातून पाहिजेत." बाराही मापं घेतली. ढोल वाजवणाऱ्याचे हात गुडघ्यापर्यंत लांब आहेत, त्याचं माप घेताना मला स्टुलावर चढावं लागेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात खाली बसावं लागलं.

कापड तुझ्या दुकानातून पाठव. इथले चारजण म्हणाले, जवळून घ्या, लांबून कशाला. मी सांगितलं, माझा भाचा मोठ्या दुकानात कापतो, त्याच्या हातचं कापड येईल. बेत तीन वेळा कागदावर मांडलाय. एकवीस मीटर. एक बोटही जास्त नको. ज्याला हाताशी जास्तीचं कापड लागतं तो शिंपी नव्हे, तो नशीब आजमावणारा. एकाच ताग्यातलं पाठव, दोन ताग्यांचा रंग कधी जुळत नाही हे तुला मी सांगायला नको.

मामा

---

२ फेब्रुवारी

मामा,

कापड आज पार्सलने निघालं. असा रंग आहे की ढोलवालेसुद्धा देखणे दिसतील. एकाच ताग्यातलं आहे, ताग्याच्या शेवटाला आता थोडंसंच राहिलंय.

दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या बाजूच्या कापायच्या फळीवर एकजण आहे, तो म्हणाला, "आण, मी कापतो, तू गिऱ्हाईक बघ." मी म्हटलं, हे घरचं आहे. फळी पुसून घेतली, कापड अंथरलं, मन लावून मोजलं, आणि खात्री म्हणून परत एकदा मोजलं. एकवीस मीटर झाल्यावर तुमचं "एक बोटही नको" आठवलं, तरी वर वीतभर सोडून कात्री चालवली. तुम्ही रागवा. तेवढं माझ्याकडून समजा, त्या अर्ध्या पॅन्टबद्दल.

मालक बघत होते. म्हणाले, "घरच्यांना देताना सगळ्यांचा हात सैल पडतो, तुझा नाही पडला." मला अभिमान वाटला मामा. खोटं कशाला बोलू.

भाचा

---

२० फेब्रुवारी

भिंगरी,

कापड छान आहे. काम चालू आहे.

त्याच ताग्यातलं आणखी एक मीटर असलं तर लगेच पाठव. हाताशी असलेलं बरं. का, ते विचारत बसू नको, पाठव.

मामा

---

१ मार्च

मामा,

हाताशी असलेलं बरं? हे तुम्हीच लिहिलंत ना, की मामीने? मी पत्र बाजूच्या फळीवरच्याला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, आमचे मामा नशीब आजमावायला लागले. मला तर वाटतं बँडमध्ये तेरावा माणूस आलाय आणि तुम्ही ते मला कळवत नाही आहात. का बँडमास्तरला त्याच रंगाची टोपी हवी झाली?

तो तागा संपला. शेवटचा तुकडा मागच्याच आठवड्यात गेला. नवीन आलाय तो त्याच नंबरचा आहे, पण विटकरीकडे झुकतो. दुकानाच्या दिव्यात कळत नाही, उन्हात धरलं की कळतं. तरी एक मीटर पाठवलंय. टोपीला चालून जाईल.

उद्घाटन झालं की कसं झालं ते सविस्तर लिहा. लोकांनी कोट कुणी शिवले विचारलं का, आणि कापड कुठलं विचारलं का, हे दोन्ही लिहा.

भाचा

---

२८ एप्रिल

बाळा,

मी मामी लिहितेय. हे बटणं आणायला गेलेत तेवढ्यात लिहून टाकते. तू उद्घाटनाचं विचारून दोन महिने होत आले आणि हे उत्तर देत नाहीत. देणारही नाहीत.

कापड कमी पडलं. यांची रीत तुला माहीत आहे. आधी सगळ्यांचे पुढचे-मागचे भाग, मग कॉलर, बाह्या शेवटी. अकरा जणांच्या बाह्या निघाल्या. ढोलवाल्याच्या काढायला गेले तर फळीवर वीतभर कापड. मी आत होते, बराच वेळ कात्रीचा आवाज आला नाही म्हणून बाहेर आले. हे नुसते उभे. मग बेताचा कागद काढला, कापलेला एकेक तुकडा त्याच्याशी लावून बघितला. सगळं बरोबर. म्हणाले, "मग मी एक तुकडा कुठेतरी वाया घातलाय." चिंध्यांचं पोतं ओतलं रे यांनी. जमिनीवर बसून एकेक चिंधी सरळ करून शेजारी शेजारी मांडत होते, हरवलेलं कापड त्यात सापडेल म्हणून. या वयात, गुडघ्यांवर. मी बघू शकले नाही.

शेवटी तू पाठवलेल्या दुसऱ्या कापडाच्या बाह्या लावल्या. दुकानात दिसलं नाही. पुलावर उन्हात सगळ्यांना दिसलं. कोट एका रंगाचा, हात दुसऱ्या रंगाचे. पोरं ओरडत होती, "काका, हात भाड्याने आणलेत का?" ढोलवाला भला माणूस, तोच हसला आणि म्हणाला, "हो, संध्याकाळी परत करायचेत." हे गर्दीतून निघाले ते लांबच्या रस्त्याने घरी आले. त्यानंतर यांनी एकही कापड बेतलेलं नाही. येणाऱ्याला म्हणतात, "डोळ्यांचा भरवसा राहिला नाही."

मी एकदा म्हटलं, कापडच कमी आलं असेल, मोजलं होतं का? तर माझ्यावर असे धावून आले की बस. "आपल्या माणसाच्या हातचं कापड कोण मोजतं?" म्हणाले, "मला आंधळा म्हण, त्याला काही म्हणू नको." आयुष्यभर आलेलं कापड आधी मोजल्याशिवाय कात्रीला हात न लावणारा माणूस. तुझं होतं म्हणून मोजलं नाही.

म्हणून तुला विचारते. रागावू नकोस. तू नीट मोजलं होतंस ना रे?

मामी

---

९ मे

मामा,

मामीकडून सगळं कळलं. तिला रागावू नका.

मनाला लावून घेऊ नका. वय कुणाला चुकलंय? इथे दुकानातही साठीच्या पुढच्या माणसांना मालक कापायला उभं करत नाहीत. एकदा डोळे दाखवून घ्या. कधी कधी नुसता नंबर बदललेला असतो, चष्मा बदलला की झालं. एका कोटाने काही बिघडत नाही, अकरा चांगले झालेच ना.

मामीला सांगा, कापड मी दोनदा मोजलं होतं.

तब्येतीला जपा.

भाचा

---

३० मे

भिंगरी,

तुझं ऐकलं. डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. म्हणाला, "आजोबा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." मी फी देऊन बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. डोळे गेले असते तर बरं झालं असतं. चष्मा घेतला असता. डोळे चांगले असून हात चुकला म्हणजे दोष आत कुठेतरी आहे, आणि त्याचा चष्मा मिळत नाही.

कात्रीला तेल लावून, फडक्यात गुंडाळून मामीकडे दिली. आता बेतायचं काम कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे देतो आणि तो कापून देईल ते शिवतो. तोच, ज्याला मी वीस वर्षं कुऱ्हाड्या म्हणत आलो. त्याला हे माहीत आहे. पण परवा मी कापड घेऊन गेलो तेव्हा त्याने उठून मला खुर्ची दिली. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तुला एक सांगायचं राहिलं, आणि तेच मुख्य आहे. तुझ्या दुकानाचं एवढं चांगलं कापड माझ्या हातून खराब झालं. तू घरचं म्हणून वीतभर जास्त दिलंस, तेही मी पुरवू शकलो नाही. तुझ्या मालकांच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस. हात मामाचा आहे असं तू तिथे सांगून बसला आहेस. माझ्यापायी तुझी मान खाली जायला नको.

मामा

---

१२ जून

मामा,

हे पत्र मामीला दाखवू नका असं लिहिणार होतो. मग वाटलं, तिच्याच हातात आधी द्या. प्रश्न तिने विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं.

बारावा कोट तुमच्यामुळे उणा पडला नाही. माझ्या अंगठ्यामुळे पडला.

कसं ते सांगतो. कापडाला मीटर लावला की मीटर संपतो तिथे अंगठा दाबून धरायचा, आणि त्या खुणेपासून पुढचा मीटर मोजायचा. हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे तो अंगठा पुढच्या मीटरला जाताना एक बोट मागे घसरू देतात. आणि मोजताना कापड जरा ताणून धरतात, त्यात आणखी एक बोट जातं. गिऱ्हाइकाशी बोलणं चालू ठेवायचं, म्हणजे त्याची नजर तुमच्या तोंडावर असते. मीटरमागे दोन बोटं. कुणाच्या लक्षात येत नाही. पोरीच्या फ्रॉकला घेतलेल्या कापडात दोन-चार बोटांनी काय होतं. मीटर हातात दिला त्याच महिन्यात मालकांनी मला शेजारी उभं करून हे शिकवलं. चोरी म्हणून शिकवलं नाही, "हात बसायला पाहिजे" म्हणून शिकवलं. मला दोन-तीन दिवस कसंतरी झालं. मग हात बसला आणि मी विसरून गेलो. बरकत म्हणतात ती हीच. मी तुम्हाला कौतुकाने लिहिली होती.

तुमचं कापड मोजताना मला चोरी करायची नव्हती. मामीची शपथ. मी मन लावून मोजलं, आणि मन लावून मोजलं म्हणूनच हात जसा शिकवलाय तसा सफाईने चालला. मालक म्हणाले होते ना, घरच्यांसाठीही तुझा हात सैल पडला नाही. त्यांना दिसत होतं. मला दिसलं नाही, मी खूश झालो.

मामीचं पत्र आलं त्याच दुपारी मालक जेवायला गेल्यावर मी एक तागा काढला. नेहमीसारखे दहा मीटर मोजून खडूची खूण केली. मग मीटर फळीवर आडवा ठेवला, कापड न ओढता त्याच्या बाजूने मोकळं सोडलं आणि पुन्हा मोजलं. वीस बोटं कमी. म्हटलं, आता नीट मोजू. ठरवून, अंगठ्याकडे बघत मोजलं. बारा बोटं कमी. तिसऱ्यांदा घाम पुसून मोजलं तरी सात. मामा, मला सरळ मोजताच येत नाही. तुम्ही शिकवलेला हात माझ्याकडे राहिलेलाच नाही.

एकवीस मीटरला बेचाळीस बोटं. माझी वीत त्यातून वजा केली तरी हातभर कापडाची तूट उरते. ढोलवाल्याच्या बाह्या तिथे गेल्या.

हे सगळं मला कळलं होतं आणि तरीही मी तुम्हाला डोळे दाखवा म्हणून लिहिलं. ते कसं लिहिलं तेही सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्या दिवशी एक बाई कापड परत घेऊन आली. तीन मीटर नेलं होतं, शिवणारी म्हणाली कमी आहे. आमच्याकडे अशा वेळी भांडत नाहीत. मालक म्हणतात, "मोजून दाखव." मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्यासमोर तेच कापड त्याच हाताने मोजलं. पुरे तीन मीटर भरले. भरणारच. ती कापडाकडे बघत राहिली. मग घडी घालत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. त्या शिवणारीला मी उगाच बोलले." मी दार उघडून धरलं आणि म्हटलं, "परत या ताई." ती गेल्यावर मागच्या खोलीत बसून तुम्हाला पत्र लिहिलं. तिला पाणी दिलं तसंच तुम्हाला "तब्येतीला जपा" दिलं.

मामीला सांगा म्हटलं होतं की दोनदा मोजलं. ते खरं आहे. दोन्ही वेळा याच हाताने मोजलं.

तुम्ही लिहिता, माझी मान खाली जायला नको. ते वाचल्यावर मला फळीसमोर उभं राहता येईना. कालपासून मीटर हातात घेतलेला नाही. मालकांना हात दुखतो म्हणून सांगितलं. खरं सांगायचं धाडस इथेही झालं नाही.

कात्री मामीकडून परत घ्या. एवढंच मागतो. मला काय म्हणायचं ते म्हणा.

भाचा

---

९ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसलो, चारही वेळा शिव्याच निघाल्या. त्यातल्या काही चांगल्या होत्या. पण फाडून टाकलं. शिव्या दिल्या की माणसाला फिटल्यासारखं वाटतं, आणि हे फिटलेलं नाही.

पत्र अर्धं वाचलं आणि मामीला दिलं. तिने सगळं वाचलं. "मी म्हटलं होतं" असं ती म्हणेल म्हणून वाट बघत होतो. ती आत गेली आणि कात्री आणून माझ्यासमोर ठेवली. मग तिकडे तोंड करून डोळे पुसत बसली.

आता मला जे लिहायचंय ते लिहायला जड जातंय. तुझं पत्र वाचून आधी मला बरं वाटलं. भाचा चोरीला लागला हे वाचलं, आणि पहिली गोष्ट मनात आली ती अशी की माझा हात चुकला नव्हता. छातीवरून दगड उतरला. तू तिथे काय होऊन बसला आहेस याचा विचार नंतर आला, बऱ्याच वेळाने. पोरगा बुडतोय आणि मामा आपले कपडे कोरडे आहेत म्हणून खूश. याची मला लाज वाटते आणि ती तुझ्यापासून लपवणार नाही. आपलं दोघांचंही लपवून बघून झालंय.

दुसरं, मी मोजलं नाही. मामी बरोबर बोलली. तुझं होतं म्हणून मोजलं नाही याला मी प्रेम समजत होतो. ती ऐट होती. चारचौघांत भाच्याच्या हातचं कापड म्हणून मिरवलं होतं, मग टेप लावून बघणं कमीपणाचं वाटलं. मोजलं असतं तर कापायच्या आधी कळलं असतं, बेत बदलून तेवढ्यात बसवलं असतं आणि तुझे कान उपटून झाले असते. म्हणजे चूक तू केलीस, पण ती पुलापर्यंत मी नेली.

परवापासून पुन्हा बेततोय. कुऱ्हाड्याला जाऊन सांगितलं, आता तुमच्याकडे काम आणणार नाही. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, हात बरा झाला. खरं कारण सांगवेना. आणि सांगून उपयोगही नाही. मी कुणालाही सांगितलं की कापडच कमी आलं होतं, तर लोक काय म्हणतील? म्हातारा चुकला आणि आता लांब गेलेल्या भाच्यावर ढकलतोय. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

तेव्हा माफी माझ्याकडे मागू नकोस. पुलावर पोरं मला हसली नाहीत, ढोलवाल्याला हसली. तो अजून तोच कोट घालतो, दुसरा नाही त्याच्याकडे. दर वेळी वाजवायला उभा राहताना सगळ्यात मागे उभा राहतो, पूर्वी पुढे असायचा. मला रस्त्यात भेटला की हात मागे बांधतो, मला बाह्या दिसू नयेत म्हणून. माझं मन राखतो. तुझी चूक तो माणूस पाठीमागे धरून फिरतोय.

त्याला लिही. पत्ता बँडचा घाल.

आणि मोजायचं म्हणशील तर, मीटर आडवा ठेवून मोकळं सोडून मोजलंस ते बरोबर केलंस. रोज तेवढंच कर. हात जसा बिघडतो तसाच सुधारतो, वेळ जरा जास्त लागतो. इथे ये म्हणून मी लिहिणार नाही. तू न सांगता गेलास, येशील तेव्हा सांगून ये.

मामा

---

२० जुलै

ढोलवाले काका,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचे कोट शिवणाऱ्या शिंप्याचा मी भाचा. तुमच्या कोटांचं कापड मी ज्या दुकानात काम करतो तिथून आलं. तेव्हा मी तिथे कापड कापायला होतो. मीटर का धरत नाही ते मालकांना खरं सांगितल्यामुळे आता घड्या घालायला आहे.

मी फार शिकलेलो नाही, काही चुकलं तर समजून घ्या. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचून खिशात ठेवू नका अशी विनंती आहे. सगळे सरावाला जमतील तेव्हा बँडमास्तरांना देऊन मोठ्याने वाचायला सांगा. पोरं तुमच्यावर हसली ती सगळ्यांसमोर हसली, म्हणून हेही सगळ्यांसमोर व्हावं असं मला वाटतं. मी स्वतः येऊन सांगायला पाहिजे होतं. तेवढी हिंमत अजून झालेली नाही. ती झाली की येईन, आणि आलो की आधी तुमच्याकडे येईन.

मामांनी एकवीस मीटर मागवलं होतं. बारा कोटांना ते बरोबर पुरणार होतं. मी पार्सलवर एकवीस लिहिलं. आत एकवीस नव्हतं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला मीटरमागे दोन बोटं कमी मोजायची सवय हाताला लावतात, आणि ती माझ्या हाताला इतकी लागली होती की घरच्यांचं मोजतानाही तो थांबला नाही. कापलेला प्रत्येक तुकडा मामांनी नंतर कागदाशी लावून बघितला, त्यात एकही चुकलेला नव्हता. तरीही चार महिने त्यांनी ती चूक स्वतःची समजून सोसली आणि कात्री बाजूला ठेवली. मला माहीत झाल्यावरही मी महिनाभर गप्प बसलो आणि त्यांना डोळे तपासायला पाठवलं.

तुम्ही पुलावर हसून वेळ निभावली आणि मामांना एका शब्दाने दुखवलं नाही, हे मला मामीने कळवलं. मला ते वाचवेना.

तुमचे हात लांब आहेत म्हणून कापड जास्त लागलं असं कुणी म्हणत असेल, तर तेही खरं नाही. मामांनी घेतलेलं तुमचं माप बरोबर होतं. कापड कमी होतं, आणि ते मीच कमी कापलं होतं.

शिंप्याचा भाचा